दुर्बीण चष्म्यासारखी घ्यावी

मागच्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मावशी, दुर्बीण घ्यायचीय. तू सांगशील ती घेतो." ऐकून बरं वाटलं. निवृत्त शिक्षकाला कुणी काही विचारलं की बरंच वाटतं! मग त्याने व्हॉट्सॲपवर तीन दुर्बिणींचे फोटो पाठवले. एक १० ते ३० पट झूमवाली, दुसरी २० बाय ५०, आणि तिसरीवर तर चक्क ९९ बाय ९९ असं छापलेलं. खाली त्याचा प्रश्न : "यातली सगळ्यात पॉवरफुल कुठली? घरात एक चांगली असली म्हणजे झालं. लेकीलाही होईल, मलाही होईल, तू आलीस की तुलाही होईल."

त्याला फोनवर उत्तर द्यायला लागले आणि पाऊण तास झाला तरी माझं संपेना. शेवटी तोच म्हणाला, "मावशी, तू हे लिहूनच का काढत नाहीस?" (त्याला मीटिंग होती, हे मला नंतर कळलं.) तर मंडळी, हे त्या फोनचं उरलेलं उत्तर. पक्षी पाहणाऱ्या आणि पाहू इच्छिणाऱ्या सगळ्यांनाच वाचायला हरकत नाही.

त्याच्या निरोपातलं "घरात एक चांगली असली म्हणजे झालं" हे वाक्य मला मुळीच पटलेलं नाही. पोळपाट घरात एक असला तरी चालतो. दुर्बिणीचं तसं नाही. ती चष्म्यासारखी असते, ज्याची त्याची. हे मला कळायला एकवीस वर्षं लागली. ती कशी लागली ते आधी सांगते, मग आकड्यांकडे येते.

आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वरला त्यांचं जाणं-येणं असे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा तो बंधारा, मागे पसरलेलं उथळ पाणी, गाळाची बेटं, पाणवनस्पती आणि हिवाळ्यात तिथे उतरणारे पक्ष्यांचे थवे. आता ते नाव पुष्कळांना ठाऊक झालं आहे, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झालं. पण आम्ही जायला लागलो तेव्हा रविवारी सकाळी तिथे आम्ही दोघं आणि म्हशी, एवढीच वर्दळ असायची. १९८८ साली ह्यांनी मुंबईहून दुर्बीण आणली. १० बाय ५०. काळी, जड, चामड्याच्या पेटीत. एक पगार जवळजवळ त्यात गेला होता. त्याबद्दल मी त्या वेळी बोलले ते बोलले, इथे पुन्हा नको.

आम्ही पाण्याकाठी उभे राहायचो. हे आधी पाहायचे, मग दुर्बीण माझ्या हातात द्यायचे. "तो बघ, वाळक्या झाडाच्या डावीकडे. चक्रवाकाची जोडी. दिसली?" मी चष्मा सांभाळत दुर्बीण लावायची. मला दिसायचं ते असं : काळोख, मध्ये एक लहानसं गोल भोक, त्या भोकात थरथरणारं पाणी, कधी एखादं बदकाचं शेपूट. मी म्हणायची, "हो, दिसली."

खोटं बोलायचं म्हणून बोलत नव्हते हो. मला वाटायचं दुर्बिणीतून असंच दिसतं! किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखं. आणि हे इतक्या हौसेने दाखवायचे की "नाही दिसत" म्हणायला जीभ रेटत नसे. दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं. मग ते पुन्हा खुणा सांगायचे, तोवर पक्षी उडायचा, आणि आपल्यामुळे दोघांचंही पाहणं बुडालं असं वाटायचं. त्यापेक्षा "दिसला" बरं. घरी येऊन मी पक्ष्यांचं पुस्तक उघडून तो पक्षी नीट पाहून घ्यायची. माझी पुष्कळशी पक्ष्यांची ओळख अशी चित्रांतूनच झालेली आहे.

मी निवृत्त झाले त्या हिवाळ्यात, म्हणजे २००९ च्या डिसेंबरात, चापडगावच्या बाजूला आमच्याशेजारी एक तरुण मुलगा उभा होता. तिथलाच, लोकांना पक्षी दाखवणारा. मी दुर्बीण लावलेली त्याने पाहिली आणि म्हणाला, "आजी, चष्मा आहे तर हे रबर दुमडून घ्या की." दुर्बिणीला डोळ्यांपाशी रबराच्या दोन वाट्या असतात. चष्मा नसलेल्या माणसाने त्या उभ्या ठेवायच्या, म्हणजे डोळा काचेपासून योग्य अंतरावर राहतो. चष्मेवाल्याचा डोळा चष्म्यामुळे आधीच लांब गेलेला असतो, त्याने त्या दुमडायच्या. ह्यांना दूरचा चष्मा नव्हता, त्यामुळे एकवीस वर्षांत त्या वाट्या कुणी दुमडल्याच नव्हत्या. त्या मुलाने अंगठ्याने त्या खाली केल्या, तर वर्षानुवर्षं एकाच जागी राहून कडक झालेलं रबर एका ठिकाणी चिरलं. आणि मी दुर्बीण लावली.

किल्लीचं भोक पुष्कळ मोठं झालं होतं. सगळं नाही, पण मोठं. त्यात एक शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर उभा होता. पूर्ण. पायापासून चोचीपर्यंत.

मी काही बोलले नाही, पण ह्यांच्या लक्षात आलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "अगं, मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?" मला उत्तर देता आलं नाही. निफाड येईपर्यंत दोघंही गप्प होतो. पुढच्याच महिन्यात मला वेगळी दुर्बीण घ्यायला आम्ही दोघं गेलो.

हे झालं माझं. पण मी स्वतः दुसऱ्याशी काय केलं तेही सांगायला हवं. १९९३ साली मी सातवीच्या बेचाळीस मुलांना एसटीने नांदूरला नेलं होतं. बरोबर तीच एक दुर्बीण. मुलांची रांग लावली. पाण्यावर वारकरी पोहत होता, काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. एकेक मूल यायचं, दुर्बीण लावायचं, "दिसला बाई!" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. शेवटून तिसरा एक बारीक चणीचा मुलगा होता. तो म्हणाला, "बाई, मला काळंच दिसतंय." मी म्हटलं, "अरे, काळाच आहे तो!" सगळी पोरं हसली. तो म्हणाला, "नाही बाई, पाणीपण काळं दिसतंय."

मी त्याला रांगेच्या शेवटी जायला सांगितलं. पुन्हा त्याची पाळी आली तेव्हा तो इतरांसारखंच "दिसला" म्हणाला. दुसऱ्या दिवशी वर्गात पाहिलेल्या पक्ष्याचं चित्र काढायला दिलं, तर निम्म्याहून अधिक मुलांनी कॅलेंडरवरचं पांढरं बदक काढलं होतं. मला तेव्हा राग आला. आज कळतं की त्या मुलाचे डोळे एकमेकांच्या जवळ होते, आणि ती थोराड दुर्बीण तेवढी मिटतच नव्हती. बेचाळिसांत खरं बोलणारा तो एकटा, आणि त्याला मी मागे पाठवलं.

असो. आता आकडे.

दुर्बिणीवर ८ बाय ४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो. दुसरा, पुढच्या काचेचा व्यास किती मिलिमीटर आहे ते. लोक पहिल्या आकड्याला भुलतात. जरा हिशेब करून पाहा. पक्षी ८० मीटरवर आहे. आठ पटीच्या दुर्बिणीत तो १० मीटरवर असल्यासारखा दिसेल. दहा पटीच्या दुर्बिणीत ८ मीटरवर. म्हणजे फरक दोन मीटरचा! १० मीटरवर बसलेला खंड्या ओळखू येत नाही आणि ८ मीटरवर येतो, असं असेल तर दुर्बिणीचं नाही, चष्म्याचं दुकान गाठायला हवं.

आणि या दोन मीटरांसाठी काय द्यावं लागतं? एक तर दिसणारा भाग आक्रसतो. १००० मीटर अंतरावर आठ पटीची चांगली दुर्बीण साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दाखवते, दहा पटीची ११० च्या आसपास. झाडात लपलेला सुभग किंवा वेलींतून सारख्या उड्या मारणारा वटवट्या शोधताना हा फरक फार जाणवतो. दुसरं, हाताची थरथर. पक्षी जितक्या पट मोठा होतो तितक्याच पट थरथरही मोठी होते, तिला वेगळी सूट मिळत नाही. वीस पटीची दुर्बीण हातात धरून पाहणं म्हणजे खडबडीत रस्त्यावर एसटीत मागच्या बाकावर बसून पेपर वाचणं. म्हणून भाच्या, तुझी २० बाय ५० बाद. झूमवाली त्याहून बाद, कारण तिच्यात दिसणारा भाग अरुंद आणि काचा फार, त्यामुळे उजेड कमी. ९९ बाय ९९ वर मी बोलणार नाही. पुढच्या काचेचा व्यास ९९ मिलिमीटर असेल तर ती दुर्बीण उचलायला हमाल लागेल. फोटोत ती तुझ्या मुठीएवढी दिसते आहे, म्हणजे तो आकडा कशाचा आहे ते तूच समज.

दुसऱ्या आकड्यातही गंमत आहे. त्याला पहिल्या आकड्याने भागायचं. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखली की मागच्या काचेत एक उजळ टिकली दिसते, तिचा व्यास हा. डोळ्यात जाणारा उजेड तो एवढ्याच टिकलीतून. आपल्या बुबुळातलं छिद्र दिवसाउजेडी दोन-तीन मिलिमीटरच असतं. अंधार पडला की तरुण माणसाचं सातपर्यंत उघडतं. सत्तरीत मात्र ते चार-पाचच्या पुढे सहसा जात नाही. म्हणजे पन्नास मिलिमीटरची थोराड दुर्बीण गळ्यात अडकवून मी संध्याकाळी उभी राहिले तरी तिचा जादा उजेड माझ्या डोळ्याबाहेरच सांडणार. भाच्याला ताडोबात पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या उजेडात पाहायचं असतं, त्याला ८ बाय ४२ शोभेल. माझ्या वयाला ८ बाय ३२ पुरते. ती अर्ध्या किलोच्या आसपास भरते, ४२ वाली सातशे ग्रॅमच्या घरात. पंचविशीत दोनशे ग्रॅम म्हणजे काही नाही. आमच्या वयाच्या मानेला विचारा!

(ताडोबावरून आठवलं. जिप्सीत बसून पाहताना ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगावं. चालू इंजिनाच्या गाडीत कितीही महागाची दुर्बीण असो, वाघाला दहा शेपट्या दिसतात.)

दुकानात गेल्यावर त्या उजळ टिकलीकडे पुन्हा एकदा पाहा. ती पूर्ण गोल हवी. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतले लोलक हलक्या काचेचे आहेत. पुढच्या काचा माणकासारख्या लालभडक चमकत असतील तर भुलू नका. "मिलिटरीची आहे" असं सांगून रस्त्यावर विकतात त्या बहुधा अशाच असतात. लाल उजेड त्या बाहेरच परतवतात, मग आत सगळं हिरवट आणि मंद दिसतं. दुकानाच्या आत दुर्बीण पाहू नये. दारात यावं, सावलीतल्या एखाद्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचून पाहावीत, मग आभाळासमोरची विजेची तार पाहावी. तारेच्या कडेला जांभळी किनार फार दिसत असेल तर दुसरी मागावी. दोन-तीन मिनिटं सलग पाहूनही डोळे ओढल्यासारखे होता कामा नयेत. तसं झालं तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत, आणि ती दुर्बीण फुकट मिळाली तरी डोकेदुखीच देईल.

आकार दोन प्रकारचे असतात. एक जुना, खांदे असलेला. दुसरा सरळ नळ्यांचा, सुबक. दिसायला दुसरा छान, पण पैसे कमी असतील तर पहिला घ्यावा. सात-आठ हजारांत खांदेवाली जेवढं स्वच्छ दाखवते तेवढं त्याच किमतीची सरळ नळ्यांची बहुधा दाखवत नाही, कारण सरळ नळीतले लोलक नेमके बसवायला खर्च जास्त येतो. पंधरा-वीस हजारांपर्यंत जाता येत असेल तर मग सरळ नळ्यांची खुशाल घ्या, ती पावसापाण्यात टिकते, आत वायू भरून बंद केलेली असते त्यामुळे बाष्प धरत नाही. त्यापुढे लाख-दोन लाखांच्या युरोपी दुर्बिणीही आहेत. एकदा एकांची डोळ्याला लावून पाहिली. चांगलं दिसतं, खोटं कशाला बोलू. पण वीस हजारांच्या दहा पट चांगलं दिसत नाही.

चष्मेवाल्यांनी एक गोष्ट न चुकता विचारावी : डोळा काचेपासून किती लांब असला तरी सगळं गोल दिसतं? हा आकडा माहितीपत्रकात मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. तो १५-१६ च्या खाली असेल तर चष्मा लावून पाहणाऱ्याच्या नशिबी पुन्हा किल्लीचं भोकच. विकणाऱ्याला बहुतेक वेळा हा प्रश्नच कळत नाही. आपण चष्मा लावूनच पाहावं आणि कडा गोल दिसते का ते ठरवावं.

आणि दोन डोळ्यांत दोन वर्तुळं दिसायला नकोत! सिनेमात हेर दुर्बीण लावतो तेव्हा पडद्यावर दोन वर्तुळं चिकटलेली दाखवतात ना, ते सगळं खोटं आहे. नळ्या जवळ-लांब करत एकच गोल होईपर्यंत जुळवायचं. मग उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याने एखादी पाटी स्पष्ट करायची. मग डावा मिटायचा आणि उजव्या डोळ्यापाशी जे वेगळं कडं असतं ते फिरवून उजव्याने तीच पाटी स्पष्ट करायची. त्या कड्याची खूण कुठे आली ते लक्षात ठेवायचं. ही तुमची खूण. दुसऱ्याने दुर्बीण हाताळली की ती हलते. आमच्या घरात माझी दुर्बीण आल्यावर गंमत झाली. दुकानात हे मला म्हणत होते, "आठच पट? पैसे देतोय तर बारा तरी घे." मी ८ बाय ४२ वर अडून बसले. चार महिन्यांत हे स्वतःची ठेवून माझीच मागायला लागले, आणि माझं कडं रोज हललेलं! त्यावरून आमची भांडणं झालेली आहेत, खरीखुरी. २०१४ साली हे गेले. त्यानंतर ते कडं कधी हललं नाही.

नंतर २०१८ च्या सुमाराला माझी दुर्बीण बिघडली. सगळं पिवळट, धुरकट दिसायला लागलं. खंड्याची निळाई गेली, नुसता राखाडी पक्षी दिसे. एका दुकानात दाखवली. आतून बाष्प आहे म्हणाले, साफ करून देतो. दीड हजार घेतले. फरक शून्य. पुन्हा नेली तेव्हा सांगितलं, काचांवरचा लेप गेला आहे, आता नवीनच घ्या. मी जवळजवळ घेतलीच होती. पण त्याआधी चष्म्याचा नंबर वाढलाय का ते पाहायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकत आलेला. शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर गॅलरीतून तीच "बिघडलेली" दुर्बीण समोरच्या शेवग्यावर लावली. शिंजीर बसला होता. एरवी आपण त्याला काळा म्हणतो, पण उन्हात तो जांभळा, निळा, हिरवा, क्षणाक्षणाला बदलणारा! दुर्बिणीला काही झालेलंच नव्हतं. दीड हजार मात्र गेले.

तेव्हा साठीच्या पुढच्या मंडळींनी नवी दुर्बीण घेण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. दुकानात कुणी हे सांगत नाही. माझ्या डोळ्याला वेगळी, ह्यांच्या डोळ्याला वेगळी हे तोवर कळलं होतं. माझ्याच डोळ्याला पन्नाशीत वेगळी आणि सत्तरीत वेगळी, हे तेव्हा कळलं.

भाच्याने आणखी एक विचारलं होतं : त्यापेक्षा तिपाईवरचा मोठा स्कोपच घेऊ का? स्पॉटिंग स्कोप म्हणजे एका डोळ्याने पाहायची, २० ते ६० पटीची एकनळी दुर्बीण. माझं उत्तर : पहिली खरेदी म्हणून नको. झाडाझुडपातल्या पक्ष्याला ती कामाची नाही, ती लावून होईपर्यंत पक्षी शेजारच्या तालुक्यात पोचलेला असतो. स्कोप, तिपाई मिळून तीन-चार किलोचं लोढणं होतं. पण खुल्या पाण्यावर मात्र तिच्यासारखं काही नाही. दुर्बिणीत ठिपके दिसणारी बदकं स्कोपात एकेक वेगळी होतात, हा थापट्या, हा तलवार बदक, पलीकडे चमचा चोच पाण्यात घालून डावी-उजवीकडे फिरवतोय. आणि गंमत अशी की पोळपाटासारखी दहा जणांत एक चालते ती हीच! एकाने नेम धरून ठेवायचा, बाकीच्यांनी फक्त डोळा लावायचा, हात लावायचा नाही. "तो बघ, झाडाच्या डावीकडे" हे सांगायची भानगडच नाही. शाळेने, मंडळाने काही घ्यायचं असेल तर एक चांगला स्कोप घ्यावा, आणि तोही वाकड्या मानेचा. सरळ नळीचा उंच माणसाच्या डोळ्याला लावला की मुलांना पोचत नाही. वाकड्या मानेचा बुटक्या माणसाच्या उंचीला लावून ठेवला की उंच माणूस वाकून पाहू शकतो. ६० पटीच्या हव्यासात मात्र पडू नये. ६० मिलिमीटरच्या काचेवर ६० पट म्हणजे डोळ्यात जाणारी टिकली एक मिलिमीटरची, सगळं अंधारतं. आणि सकाळी नऊ-दहानंतर पाण्यावरची हवा तापून लहरायला लागली की तीस पटीतही पक्षी उकळल्यासारखे दिसतात. तेव्हा डबा उघडावा.

कॅमेरेवाल्यांबद्दलही दोन शब्द लिहिणार होते. लांब नळीचे कॅमेरे घेऊन येतात, फटाफट शंभर फोटो काढतात आणि मान खाली घालून पडद्यावर पाहत बसतात. पक्षी अजून समोरच बसलेला असतो! पण यावर लिहिलं की आमच्या धाकट्या दिरांना राग येतो, म्हणून सोडून देते.

राहता राहिला माझा हात. वर्षभरापासून उजवा हात कापतो. चहाच्या कपाने घरच्यांना ते कळलं, मला दुर्बिणीने त्याआधी कळलं होतं. कोपरं छातीला टेकवते, झाडाला पाठ लावून बसते, दुर्बीण काठीच्या मुठीवर ठेवून पाहते. एका हाताने टोपीची पुढची कड दुर्बिणीबरोबर धरली तरी थोडी स्थिर होते, करून पाहा. आठ पटीतही आता अक्षरं वाचवत नाहीत. गेल्या हिवाळ्यात नांदूरला एका गृहस्थांकडे थरथर थांबवणारी दुर्बीण होती. कॅननची. बटण दाबलं की आतली यंत्रणा हाताच्या उलट दिशेने काच सरकवते. दहा पटीची होती, म्हणजे माझ्याच नियमाने मला वर्ज्य. त्यांनी लावायला दिली. आधी नेहमीसारखं सगळं हलत होतं. बटण दाबलं आणि चित्र उभं राहिलं. दलदलीतली जांभळी पाणकोंबडी पायाच्या बोटांत देठ धरून सोलून खात होती. मी किती वेळ पाहत होते कुणास ठाऊक, ते गृहस्थ बिचारे थांबले होते.

ती पन्नास हजारांच्या आसपास जाते. मुलगी म्हणाली, "आई, पंच्याहत्तरीला आपण तीच घेऊ." मी लगेच म्हटलं, "या वयात मला कशाला? घरात दोन-दोन दुर्बिणी आहेत." बोलून गेले आणि मग रात्रभर ते वाक्य डोक्यात राहिलं. घरात दुर्बिणी आहेत, हे खरंच आहे. एकवीस वर्षं ती घरात होतीच. मला दिसत नाही हे मी तेव्हा बोलले नव्हते आणि आताही तेच करायला निघाले होते. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते : मला ती हवी आहे. मुलगी हे पान वाचते. पैसे मी निम्मे घालीन. बॅटरी वेळेवर बदलायची जबाबदारी नातवाची.

आणि भाच्या, तू तुझ्यासाठी ८ बाय ४२ घे. लेकीची वेगळी, सहा किंवा आठ पटीची, हलकी. तिच्यासाठी घेताना दोन्ही नळ्या किती जवळ येतात ते आधी पाहायचं. बऱ्याच दुर्बिणी डोळ्यांमधल्या छप्पन्न-सत्तावन्न मिलिमीटर अंतराच्या खाली मिटत नाहीत, आणि नऊ वर्षांच्या मुलांचं अंतर पुष्कळदा त्याहून कमी असतं. रविवारी तिला घेऊन ये. पट्टी माझ्याकडे आहे, एका बुबुळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायला दोन मिनिटं लागतात. ह्यांची १० बाय ५० सुद्धा बाहेर काढून ठेवते. चामड्याच्या पेटीत ओल धरून तिला बुरशी लागली होती, आता स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवली आहे. तिला हौस म्हणून लावून पाहू दे. पण "दिसलं का?" असं तिला विचारू नकोस. काय दिसतंय, ते विचार.